लहान मेंदूचे छोटे संगणकीय प्रारूप कसे उभारावे

लहान मेंदूचे प्रारूप करायला बसणारे बहुतेक जण हाताच्या हालचालीपासून सुरुवात करतात आणि स्नायूंच्या गणितातच अडकून पडतात. त्यापेक्षा डोके वळताना नजर स्थिर राखणारी प्रतिक्षिप्त क्रिया निवडावी, कारण तिच्यात आदान (इनपुट) एक, प्रदान (आउटपुट) एक आणि चूक सरळ मोजता येते.

पायथन ही भाषा आणि नमपाय हे तिचे आकडेमोडीचे ग्रंथालय एवढी सामग्री पुरते. डोक्याचा वेग म्हणून ०.५ हर्ट्झची साइन लहर घ्यावी व एक मिलिसेकंदाच्या पायरीने गणित चालवावे. मस्तिष्कस्तंभातील थेट मार्ग या वेगाला ०.६ ने गुणतो असे धरावे. त्यातून लहान मेंदूतील पर्किंजे पेशीचे प्रदान वजा करावे, कारण ही पेशी पुढच्या पेशींना दाबून धरते. उत्तराचे चिन्ह उलटले की डोळ्याचा वेग मिळतो. डोक्याच्या आणि डोळ्याच्या वेगांची बेरीज ही आपली चूक : ती शून्य नसेल तर दृष्टिपटलावरची प्रतिमा घसरते.

डोक्याच्या वेगाची माहिती पर्किंजे पेशीपर्यंत नेणाऱ्या ग्रॅन्युल पेशींसाठी वेगवेगळ्या कालस्थिरांकांचे (म्हणजे कमी-अधिक मंदपणे प्रतिसाद देणारे) शंभरेक लो-पास फिल्टर, म्हणजे जलद चढउतार गाळणाऱ्या चाळण्या, पुरेत. त्यांच्या प्रदानांची भारित बेरीज, म्हणजे प्रत्येक प्रदान त्याच्या जोडाच्या बळाने (भाराने) गुणून केलेली बेरीज, हे पर्किंजे पेशीचे प्रदान. सर्व भार आरंभी शून्य ठेवावेत. लहान मेंदूच्या शिकण्याचा सिद्धांत मांडताना डेव्हिड मार यांनी १९६९ मध्ये ग्रॅन्युल व पर्किंजे पेशींमधले हे जोड शिकताना बळकट होतात असे म्हटले, जेम्स अल्बस यांनी १९७१ मध्ये ते दुबळे होतात असे म्हटले, आणि मासाओ इतो यांच्या १९८२ मधील प्रयोगांनी कौल अल्बस यांच्या बाजूने दिला. म्हणून प्रत्येक पायरीला चूक, ग्रॅन्युल पेशीचे प्रदान आणि एक लहानसा शिक्षणदर यांचा गुणाकार त्या पेशीच्या भारातून वजा करावा.

खरी मेख विलंबात आहे. चूक झाल्याची खबर पर्किंजे पेशीला क्लायंबिंग तंतू नावाच्या चेतातंतूंवाटे सुमारे १०० मिलिसेकंद उशिरा पोहोचते. लहरीचे एक आवर्तन ३६० अंशांचे धरले तर ०.५ हर्ट्झला हा विलंब १८ अंशांचा, म्हणून खपून जातो, २.५ हर्ट्झला तो ९० अंश होऊन शिकणे थांबते, आणि ४ हर्ट्झला भार चक्क उलट्या दिशेने वाढत सुटतात. उपाय असा, की आता पोहोचलेली चूक १०० मिलिसेकंदांपूर्वीच्या ग्रॅन्युल प्रदानाशी गुणावी. हा बदल करण्यापूर्वीचा आणि नंतरचा आलेख शेजारी काढून पाहावाच; प्रारूपातले निम्मे शहाणपण तिथेच कळते.

चूक नगण्य झाल्यावर शिकणे बंद करून, म्हणजे जणू अंधारात, डोळ्याच्या व डोक्याच्या वेगांचे गुणोत्तर मोजावे. चिन्ह सोडल्यास ते १ च्या जवळ यायला हवे. मग दुपटीने मोठे दाखवणाऱ्या चष्म्यासारखे २ हे लक्ष्य द्यावे आणि शिकवणीत न वापरलेली वारंवारताही तपासावी. एवढे जमल्यावरच स्पंदनांनी बोलणाऱ्या पेशींकडे आणि नेस्टसारख्या चेताजाळ्यांच्या सिम्युलेटरकडे वळावे.