टीईटी झाली, आता ऑर्डर कधी? शिक्षक व्हायला निघालेल्या गावाकडच्या पोरापोरींसाठी

यवतमाळ जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिकवते. टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, निकाल लागला की तालुक्यातली पोरं-पोरी आई-वडिलांना घेऊन भेटायला येतात आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो: "मॅडम, टीईटी निघाली, आता ऑर्डर कधी येईन?" प्रश्न साधा आहे, पण त्यामागे एक मोठा गैरसमज आहे. तो वेळीच दूर झाला नाही तर उमेदीची वर्षं जातात, कधी वावरही विकलं जातं. म्हणून हे सविस्तर लिहिते.

टीईटी म्हणजे भरती नव्हे. ती पात्रता आहे. शिक्षण हक्क कायद्यानंतर राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेने 23 ऑगस्ट 2010 च्या अधिसूचनेने पहिली ते आठवीला शिकवण्यासाठी ही परीक्षा सक्तीची केली. आपल्या राज्यात 2013 पासून ती पुण्याची राज्य परीक्षा परिषद घेते. पेपर 150 गुणांचा, वेळ अडीच तास, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. खुल्या प्रवर्गाला 60 टक्के म्हणजे 90 गुण लागतात, राखीव प्रवर्गाला 55 टक्के. पहिला पेपर पहिली ते पाचवीसाठी, दुसरा सहावी ते आठवीसाठी. पूर्वी या प्रमाणपत्राची मुदत सात वर्षं होती; 2021 मध्ये ती आयुष्यभराची झाली आणि 2011 पासूनच्या जुन्या प्रमाणपत्रांनाही तो नियम लागू झाला. केंद्राची सीटीईटीही चालते, तेव्हा तिचाही फॉर्म भरत जा.

नोकरी ठरते ती दुसऱ्या परीक्षेवर. तिचं नाव शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, आपण तिला टेट म्हणतो. नावं सारखी असल्यामुळे घरच्यांचा गोंधळ होतो, म्हणून आई-बाबांना आधीच समजावून सांगा. टेटमध्ये पास-नापास नाही. 200 प्रश्न, 120 मिनिटं, सगळं संगणकावर. 120 गुण अभियोग्यतेचे, 80 बुद्धिमत्तेचे. एका प्रश्नाला 36 सेकंद मिळतात. जे गुण पडतील त्यांवर पवित्र पोर्टलवर, म्हणजे शिक्षक भरतीच्या सरकारी संकेतस्थळावर, गुणवत्तेचा क्रम लागतो आणि त्यातून शाळा मिळते. ही चाचणी पहिल्यांदा 2017 च्या डिसेंबरात झाली, त्यानंतर थेट 2023 मध्ये आणि मग 2025 मध्ये. दर वर्षी होईल हे धरून बसू नका. जाहिरात आल्यावर अभ्यास सुरू करणारे मागे पडतात, आणि आपल्याकडची हुशार लेकरं इथेच मागे पडताना मी पाहिली आहेत. गणित येतं, तर्क येतो, पण माउस हातात घेऊन दोन तास पडद्यावर वाचायची सवय नसते. तालुक्याच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये फक्त सराव पेपर सोडवायला म्हणून दोन महिने बसा. त्या पैशाचं चीज होतं.

कोणती पदविका किंवा पदवी घ्यायची, हे बारावीनंतरच ठरवा. पहिली ते पाचवीला शिकवायचं असेल तर डी.एल.एड., म्हणजे आपलं जुनं डी.एड. बारावीला खुल्या प्रवर्गाला 49.5 टक्के आणि राखीव प्रवर्गाला 44.5 टक्के असले की प्रवेशाला पात्र. बी.एड. करून पहिली-दुसरीचा वर्ग मिळेल ही आशा आता ठेवू नका. सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2023 च्या निकालात प्राथमिकसाठी बी.एड. ग्राह्य नाही असं स्पष्ट केलं आहे. सहावी ते आठवीला पदवी, सोबत डी.एड. किंवा बी.एड. आणि टीईटीचा दुसरा पेपर. नववी-दहावीला पदवी आणि बी.एड., अकरावी-बारावीला त्याच विषयाची पदव्युत्तर पदवी आणि बी.एड. पदवीचा विषय निवडताना पुढे कोणत्या विषयाच्या जागेला तो चालेल, हे कॉलेजातल्या सरांना विचारून घ्या. आपल्याकडे पोरी जवळचं कॉलेज बघून विषय घेतात. घरची अडचण मी समजू शकते, पण निदान विचारून तरी घ्या.

आता कागदपत्रं. यावर मी सगळ्यात जास्त बोलते, कारण गुण असूनही माणसं इथे अडकतात. पोर्टलवर तुम्ही स्वतः भरलेली माहिती स्वप्रमाणित असते. निवड झाल्यावर मूळ कागद तिच्याशी ताडून पाहतात. दहावीच्या सनदेवर एक नाव, आधारवर दुसरं, लग्नानंतर तिसरं, असं असेल तर राजपत्रात नाव बदलून घेण्याचं काम आजच सुरू करा. नॉन-क्रीमीलेअरची मुदत तपासा. आणि जात वैधता! राखीव जागेवर निवड झाली आणि वैधता नाही, तर नेमणूक धोक्यात येते. पुराव्याच्या तारखा पाठ करून ठेवा: अनुसूचित जातीसाठी 10 ऑगस्ट 1950, जमातीसाठी 6 सप्टेंबर 1950, विमुक्त-भटक्यांसाठी 21 नोव्हेंबर 1961, ओबीसींसाठी 13 ऑक्टोबर 1967. या तारखांच्या आधीची आजोबा-पणजोबांची नोंद शोधावी लागते. आजोबा शाळेत गेले असतील तर त्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा मिळतो. ते शाळेतच गेले नसतील, आणि आपल्या भागात कितीतरी गेलेच नाहीत, तर तहसीलमधून कोतवाल पंजीची नक्कल काढा. त्यात जन्म-मृत्यूसोबत जातही लिहिलेली सापडते. जुनी नोंद मोडीत असेल तर मोडी वाचणाऱ्याकडून लिप्यंतर करून घ्यावं लागतं. माझ्या ओळखीतल्या एका गोंड मुलीच्या वडिलांनी पेरणीचे दिवस सोडून या नकलेसाठी चकरा मारल्या. ती आज शिकवते, आणि त्यात त्या माणसाचा वाटा तिच्या अभ्यासाइतकाच आहे असं मला वाटतं.

पैशाचं बोलते. "संस्थेत जागा आहे, एवढे भरा, मान्यता आम्ही पाहून घेऊ," असं सांगणारे गावात येतात. खाजगी अनुदानित शाळेतल्या शिक्षकाच्या नेमणुकीला पद संचमान्यतेत (विद्यार्थीसंख्येवरून शाळेला मंजूर झालेल्या पदांत) बसावं लागतं, बिंदुनामावली (कोणतं पद कोणत्या प्रवर्गाचं, याची यादी) तपासलेली लागते, पवित्र पोर्टलवर जाहिरात लागते. त्यानंतर शिक्षणाधिकाऱ्यांची वैयक्तिक मान्यता आणि मग शालार्थ आयडी, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन पगार प्रणालीतला शिक्षकाचा क्रमांक, ज्याशिवाय सरकारी पगार निघत नाही. यातलं एक जरी खोटं निघालं तर पगार थांबतो, गुन्हा दाखल होतो. नागपूर विभागात 2025 मध्ये बनावट शालार्थ आयडीचं प्रकरण उघडकीला आलं, अटका झाल्या, सगळ्या विदर्भाने ते पाहिलं. असा कोणी घरी आला तर पोर्टलवरची जाहिरात दाखवायला सांगा. ती नसेल तर एक रुपयाही देऊ नका, मग तो माणूस नात्यातला का असेना.

शिक्षकेतर पदांचं थोडक्यात. लिपिकाला, प्रयोगशाळा सहायकाला टीईटी लागत नाही. लिपिकाला टायपिंगचं प्रमाणपत्र लागतं. अनुदानित शाळेत कायम शिपाई होण्याची वाट मात्र बघू नका. 11 डिसेंबर 2020 च्या शासन निर्णयानंतर ती पदं रिकामी होतील तशी संपतात आणि त्याजागी शाळेला भत्ता मिळतो. बदलापूरच्या घटनेनंतर 2024 पासून शाळेत कोणीही रुजू होवो, कंत्राटी कामगारसुद्धा, पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी लागते. ते योग्यच आहे. लेकरं आपल्या भरवशावर असतात.

निवड झाली की पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून मानधनावर काढावी लागतात. जानेवारी 2023 पासून प्राथमिकला महिना 16,000 रुपये, माध्यमिकला 18,000, उच्च माध्यमिकला 20,000 मिळतात. आधी प्राथमिकला 6,000 होते. पोर्टलवर पसंतीक्रम लॉक करताना हा हिशेब मांडून पाहा. घरापासून लांब खोली करून राहायचं, गावी पैसे पाठवायचे, हे 16,000 मध्ये ओढाताणीचं होतं. तरी लांबचे जिल्हे यादीतून काढून टाकू नका. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत माडिया आणि गोंडी बोलणारी मुलं पहिलीत येतात. ज्यांना या बोली येतात त्यांनी तिथल्या शाळा वर ठेवाव्यात असं मला मनापासून वाटतं. तिथे तुमच्यासारख्या शिक्षकाची वाट पाहिली जाते.

जे आधीच नोकरीत आहेत त्यांच्यासाठी एक गोष्ट. 1 सप्टेंबर 2025 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या, निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त काळ उरलेल्या शिक्षकांना दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हायला सांगितलं. ज्यांची पाच वर्षांहून कमी नोकरी उरली आहे ते निवृत्तीपर्यंत राहू शकतात, पण टीईटीशिवाय त्यांना बढती नाही. त्यामुळे आमच्या केंद्रातले, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातले, पन्नाशीकडे आलेले गुरुजी आता नव्या पोरांसोबत बालमानसशास्त्राच्या नोट्स काढायला बसतात. तुमच्या गावात असे कोणी असतील तर त्यांच्यासोबत अभ्यास करा. वर्गातली उदाहरणं त्यांच्याकडे आहेत, गणिताचा वेग तुमच्याकडे.