क्रिकेटमधून आलेले इंग्रजी वाक्प्रचार कसे शिकावेत

वाक्प्रचारांच्या लांबलचक याद्या घोकण्याच्या भानगडीत पडू नका. क्रिकेटमधले पाच-सहाच घ्या. खेळ आपल्या अंगात मुरलेला असल्याने ते चटकन लक्षात राहतात. फसगतही त्यामुळेच होते म्हणा!

१. वहीत अख्खं वाक्य उतरवा. ‘कॉट आउट’ म्हणजे पेचात सापडलेला, एवढं टिपून भागत नाही. ‘द लास्ट क्वेश्चन कॉट मी आउट’ असं लिहिलं की वापरही कळतो.

२. बोलणारा कोणाच्या बाजूने बघतोय ते ओळखा. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. ‘नॉक्ड फॉर सिक्स’ म्हटलं की आपल्याला षटकार ठोकणारा फलंदाज दिसतो. इंग्रजीत मात्र बघायचं ते मार खाणाऱ्या गोलंदाजाकडे. ‘द न्यूज नॉक्ड हिम फॉर सिक्स’ म्हणजे ती बातमी ऐकून तो पार कोलमडला. मुलगी पहिली आली हे सांगताना हा वापरलात, तर समोरचा काळजीत पडेल. याउलट, बोल्ड होणं म्हणजे खरं तर विकेट गेली. पण ‘आय वॉज बोल्ड ओव्हर बाय हर सिंगिंग’ म्हणजे तिच्या गाण्याने मी भारावून गेलो.

३. प्रसंग बघा. ‘ही हॅड अ गुड इनिंग्ज’ हे भरपूर आयुष्य जगून गेलेल्या किंवा दीर्घ सेवेनंतर निवृत्त झालेल्या माणसाबद्दल म्हणतात. म्हणून आजोबांच्या पंचाहत्तरीच्या भाषणात हे नकोच. कुणाच्या सांत्वनाला गेलात, तरी घरच्यांनी आधी म्हटल्याशिवाय आपण म्हणू नये.

४. शब्द इकडचे तिकडे करू नका. ‘ऑफ हिज ओन बॅट’ म्हणजे कुणी न सांगता, स्वतःहून. ‘हिज’च्या जागी ‘माय’ किंवा ‘हर’ चालतं, बाकी काही हलवायचं नाही. ‘राइट ऑफ द बॅट’ हा वेगळाच, बेसबॉलमधला: लगेच, सुरुवातीलाच.

५. ऐकणारा कुठला, हेही बघा. पूर्वी खेळपट्टी झाकत नसत. पावसानंतर ऊन पडलं की ती सुकताना चेंडू वेडावाकडा उसळायचा. त्यावरून अडचणीच्या परिस्थितीला ‘स्टिकी विकेट’ म्हणतात. लंडनच्या सहकाऱ्याला हे सहज कळेल, शिकागोच्या कदाचित नाही. तिथे बेसबॉलचं चलन: अंदाजे आकडा हवा असेल तर ‘बॉलपार्क फिगर’ मागतात.

नोकरीच्या अर्जात मात्र यातला एकही नको. तिथे साधं इंग्रजीच बरं.