लाल कोळी: पान उलटं करून बघा

पानावर सुईच्या टोकाएवढे फिकट ठिपके दिसू लागले की आधी पानाची खालची बाजू बघायची. खात्री हवी असेल तर फांदीखाली पांढरा कागद धरून टिचकी मारा. कागदावर पडलेले मिरपुडीसारखे कण चालू लागले, तर ती लाल कोळी ही बारीक कीडच. जाळी दिसेपर्यंत ते झाडभर पसरलेले असतात.

पहिलं काम पाण्याचं. मातीवर प्लास्टिक बांधून कुंडी आडवी करा आणि पानांच्या खालून जोरदार फवारा मारा. बरीचशी फौज इथेच वाहून जाते. जाळीने भरलेली पानं तोडून पिशवीत बंद करा.

दुसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर १ लिटर कोमट पाण्यात आधी २ मिली सौम्य लिक्विड साबण, मग ५ मिली कडुनिंबाचं तेल मिसळून फवारा. साबण नीट मिसळला नाही तर तेल वर तरंगतं आणि शेवटच्या झाडाची पानं करपतात. म्हणून बाटली सतत हलवत राहायची. नाजूक पानांच्या झाडावर आधी एकाच पानावर फवारून दोन दिवस थांबा.

फसतं ते यापुढे. या फवाऱ्याने बहुतेक अंडी मरत नाहीत, आणि उन्हाळ्यात ती ३-४ दिवसांत फुटतात. त्यामुळे दर ४-५ दिवसांनी, निदान ४ वेळा फवारणी हवीच. दुसऱ्या वेळेनंतर झाड स्वच्छ दिसतं आणि लोक नेमके तिथेच थांबतात!

इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक मात्र नको. कोळी हा कीटक नाही, आठ पायांचा जीव आहे. त्याच्यावर ते चालत नाही, उलट त्याला खाणारे मित्रकीटक मरतात. जुने ठिपके जाणार नाहीत, नव्या पालवीवर लक्ष ठेवा.