रोझमेरीला टोमॅटोचं पाणी नको: भूमध्यसागरी भाज्या घरी लावताना या चुका टाळा

टोमॅटो, झुकिनी, वांगी, बेसिल, रोझमेरी, थाईम, ओरेगॅनो. जेवणाच्या पानात ही सगळी एकत्र येतात, म्हणून आपण त्यांच्या कुंड्याही एका रांगेत मांडतो आणि झारी घेऊन सगळ्यांना सारखंच पाणी घालत जातो. माझ्या अनुभवात सर्वांत जास्त झाडं जातात ती याच चुकीने.

रोझमेरी आणि थाईम ही भूमध्य समुद्राकाठच्या कोरड्या, खडकाळ उतारांवरची झुडपं. तिथे पाऊस हिवाळ्यात पडतो, उन्हाळा कोरडाच जातो. टोमॅटो, ढोबळी मिरची आणि झुकिनीचं कूळ मात्र अमेरिका खंडातलं. ती भूमध्य समुद्राकाठी पोहोचली १४९२ नंतर, आणि तिथल्या उन्हाळ्यातही त्यांना पाणी देऊनच वाढवतात. वांगं आशियातलं. तेव्हा कुंड्या आधी दोन गटांत वेगळ्या करा: तहानलेल्या एकीकडे, कोरड्यात रमणाऱ्या दुसरीकडे. रोझमेरी आणि बेसिल एकाच कुंडीत तर कधीच लावू नका, दोघांपैकी एकाचे हाल ठरलेले.

माझ्या पहिल्या रोझमेरीची पानं टोकांकडून तपकिरी व्हायला लागली. मला वाटलं पाणी कमी पडतंय, म्हणून वाढवलं. थोड्याच दिवसांत झाड गेलं. कुंडीतून काढून पाहिलं तर मुळं काळी पडलेली, चिमटीत धरून ओढली की वरची साल सुटून आत दोऱ्यासारखा धागा तेवढा उरायचा, आणि मातीला कुबट वास. ही मुळकूज. तिची गंमत नाही, गोची अशी की कुजलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत, म्हणून झाड तहानलेलंच दिसतं. पानांवरून निर्णय घेऊ नका. बोट दोन पेरं मातीत घाला. आत ओल लागली तर रोझमेरी, थाईम, ओरेगॅनोला त्या दिवशी पाणी नको. त्यांच्या मातीत निम्म्याच्या आसपास जाडी वाळू किंवा परलाईट (माती मोकळी ठेवणारे हलके पांढरे दाणे) असू द्या आणि ताटलीत साचलेलं पाणी ओतून टाका.

निचऱ्यासाठी कुंडीच्या तळाशी खडे घालायची सवयही सोडा. बारीक मातीतलं पाणी, ती माती पुरती भिजल्याशिवाय खालच्या खड्यांत उतरतच नाही. म्हणजे ओला थर वर सरकतो आणि मुळांच्या आणखी जवळ येतो. तळाला भोक मोकळं असलं आणि माती भुसभुशीत असली की पुरे.

टोमॅटोचं बूड काळं पडतंय

फळाच्या खालच्या टोकाला चामड्यासारखा काळा, खोलगट डाग दिसला की लोक कीटकनाशक फवारतात. हा रोग नाही, कीडही नाही. फळापर्यंत कॅल्शियम पोहोचत नाही, इतकंच. बहुतेक वेळा कॅल्शियम मातीत असतं, पण ते पाण्याबरोबरच वर चढतं. तीन दिवस कोरडं आणि चौथ्या दिवशी बदाबद पाणी, असं झालं की पुरवठा तुटतो. अंड्याची टरफलं चुरून टाकलीत तरी ती विरघळायला खूप वेळ लागतो, या हंगामाला उपयोग नाही. माती कायम वाफशावर, म्हणजे ओलसर पण चिखल न होता, ठेवा, वर सुक्या पानांचं आच्छादन द्या, आणि एका झाडाला किमान २० लिटरची कुंडी द्या. छोट्या कुंडीत उन्हाळ्यात ओल टिकणं अशक्यच.

झाड हिरवंगार, फळ एकही नाही? नत्र जास्त झालंय, खत थांबवा. फुलं येऊन गळत असतील तर तापमान बघा: दिवसा ३२ अंशांच्या वर आणि रात्रीही उकाडा असेल तर टोमॅटो फळ धरत नाही. दुपारी सावली करा आणि गारवा येईपर्यंत धीर धरा. बगलफुटी (पान आणि खोडाच्या बेचक्यातून येणारे फुटवे) काढायच्या त्या फक्त वेलासारख्या उंच वाढणाऱ्या जातींच्या. बुटक्या, झुडपी जातींच्या काढल्यात तर फळंच कमी होतील.

झुकिनी बोटाएवढी होऊन पिवळी पडते

झुकिनीला नर आणि मादी फुलं वेगळी येतात. नराचा देठ लांब, सडपातळ. मादीच्या पाकळ्यांखाली इवलीशी झुकिनी आधीपासूनच असते. पराग पोहोचला नाही तर ती टोकाकडून पिवळी, मऊ होऊन सडते. उंचावरच्या गॅलरीत मधमाश्या कमीच फिरकतात, मग हे काम आपलं. फूल पहाटे उमलतं आणि दुपारपर्यंत मिटतं, तेव्हा सकाळीच जा. नर फूल खुडा, पाकळ्या सोलून काढा, मधल्या पिवळ्या दांडीवरचा पराग मादी फुलाच्या चिकट गाभ्यावर अलगद फिरवा. चार दिवसांत फळ फुगताना दिसतं, आणि ते पाहण्यासारखा आनंद नाही!

सुरुवातीला नुसती नर फुलंच येतात आणि गळतात, त्याने घाबरू नका. दोन झाडं लावा, म्हणजे नर-मादी एकाच दिवशी उमलण्याची शक्यता वाढते. उरलेली नर फुलं टाकू नका. इटलीत त्यांत चीज भरून तळतात. फळ १५ ते २० सेंटीमीटरचं झालं की काढा. जून झालं की बिया कडक होतात आणि झाड नवी फळं धरायचं कमी करतं.

स्वयंपाकासाठी खुडताना

बेसिलची नुसती खालची मोठी पानं ओरबाडू नका. पानांच्या जोडीच्या जरा वर शेंडा खुडा, तिथून दोन फुटवे येतात. तुरा दिसला की लगेच काढा. खुडलेल्या फांद्या फ्रिजमध्ये काळ्या पडतात, पाण्याच्या पेल्यात ओट्यावरच ठेवा.

ओरेगॅनो, थाईमला खत भरपूर दिलं तर पानं मोठी होतात, वास उतरतो. उपाशी ठेवलेलंच बरं. आणि रोझमेरी कापताना कात्री हिरव्या भागातच चालवा. खालच्या पानं नसलेल्या जुन्या लाकडापर्यंत कापलीत, तर तिथून ती सहसा पुन्हा फुटत नाही.