क्लासला सोडण्या-आणण्याच्या पाळ्या कशा लावाव्यात

तीन घरं जमवा. दोनच असली तर एक आजारी पडलं की सगळा भार दुसऱ्यावर, आणि पाच झाली की मुलं एका गाडीत मावत नाहीत. घरं एकाच वाटेवरची हवीत. मुलांची गट्टी असेल तर उत्तम, नसली तरी अडत नाही.

वाटणी करताना दिवस नाही, फेऱ्या मोजा. सोडणं ही एक फेरी, आणणं ही दुसरी. ‘सोमवार माझा, गुरुवार तुझा’ हे ऐकायला सोपं, पण एखाद्याला दुपारी निघता येतं तर दुसरा संध्याकाळीच मोकळा होतो. पहिल्याने सोडावं, दुसऱ्याने आणावं. आठवड्यात दोनदा क्लास म्हणजे चार फेऱ्या. तीन घरांत एकेक वाटली की एक उरते, ती आळीपाळीने फिरवा.

गाडीत जितके पट्टे तितकीच मुलं, आणि ती मागे. बूस्टर, म्हणजे पट्टा नीट बसावा म्हणून लहान मुलाखाली ठेवायची उंच बैठक, ज्याला लागते त्याच्याबरोबरच फिरते. यावर चर्चा नको.

आता खरी डोकेदुखी: ऐनवेळची अदलाबदल. ‘आज मला जमत नाहीये, कोणी आणेल का?’ असा मेसेज ग्रुपवर टाकून लोक मोकळे होतात. त्यावर दोन अंगठे येतात. अंगठा म्हणजे ‘वाचलं’ की ‘मी जातो’? दोघांनाही वाटतं, दुसरा जाणार आहे. क्लास सुटतो आणि मूल पाठीला दप्तर लावून दाराशी उभं! आमच्या गटात हे झालं आणि दोन घरांतलं बोलणं काही दिवस बंद होतं.

त्यानंतरचा आमचा नियम असा: ज्याची पाळी, त्यानेच बदली शोधायची, तीही एकेकाला फोन करून. समोरचा ‘हो, मी आणतो’ असं तोंडाने म्हणेपर्यंत पाळी तुमचीच. कोणी मिळालं नाही तर मीटिंग अर्धी टाकून तुम्हीच निघायचं. मिळालं, तर ग्रुपवर एक ओळ लिहायची आणि क्लासला कळवायचं. अनोळखी माणसाबरोबर मूल पाठवायला सर तयार नसतील तर चिडू नका, ते बरोबरच वागताहेत. त्यासाठी सगळ्या घरांतल्या मोठ्यांची नावं आणि नंबर क्लासला सुरुवातीलाच देऊन ठेवा.

यात मुलाला सांगायचं हमखास राहून जातं. ठरलेलं माणूस दिसेपर्यंत आतच थांबायचं, माणूस बदललं तर ते सरांकडून कळेल, आणि एरवी शेजारचे काका जरी न्यायला आले तरी आधी सरांना विचारायचं, हे त्याला पाठ हवं.

कॅलेंडर अ‍ॅप वापरा, हा सल्ला प्रत्येक जण देतो. वापरा की! पण ट्रॅफिकमध्ये अडकलेल्याच्या जागी कोण निघालंय, हे अ‍ॅपला कुठून कळणार? तिथे फोनच लागतो.

घेतलेली बदली पंधरा दिवसांत फेडा, त्याहून जुना हिशेब उकरू नका. गाडी नसलेल्या घराने क्लास सुटल्यावर मुलांना तासभर सांभाळलं तर ती फेरीच धरा. वेळापत्रक महिन्यापुरतंच करा, कारण क्लासच्या वेळा बदलत राहतात.

एखादं घर सारखी पाळी चुकवत असेल तर ग्रुपवर टोमणे नकोत. फोन करून सरळ विचारा, फेऱ्या कमी करू या की वार बदलू या? बहुतेकदा वारच बदलून हवा असतो.