जन्मजात खुब्याच्या दोषासाठी कृत्रिम सांधा निवडताना

सांधा बदलायचा ठरला की पहिला प्रश्न येतो, कोणत्या कंपनीचा घ्यावा? खुबा जन्मापासून निखळलेला असेल किंवा त्याची वाटी उथळ असेल, तर आधी विचारा, ‘माझ्या हाडात काय मावतं?’ अशा खुब्यात वाटीचा वरचा आणि पुढचा काठ अपुरा असतो. मांडीच्या हाडाची पोकळी अरुंद आणि सरळ असते, आणि हाडाच्या मानेला पुढच्या बाजूला जादा पीळ असतो. मापं हातात येण्याआधी ब्रँडवर चर्चा करण्यात अर्थ नाही.

आधी मोजमाप

एक्स-रेमध्ये दोन्ही खुबे आणि मांडीच्या हाडाचा वरचा भाग पूर्ण दिसायला हवा. शेजारी २५ मि.मी.ची धातूची गोळी ठेवून तो काढतात, कारण एक्स-रेमध्ये हाड खऱ्यापेक्षा मोठं दिसतं आणि त्या गोळीवरून खरं माप निघतं. जिथे कप, म्हणजे वाटीच्या जागी बसणारा कृत्रिम भाग, ४४ मि.मी.चा की ४६चा हे ठरवायचं असतं, तिथे मापातली चूक महागात पडते.

सीटी स्कॅनमध्ये गुडघ्याचे काप घ्यायला सांगा. मानेचा पीळ गुडघ्याच्या रेषेशी ताडून मोजतात. नुसता खुब्याचा स्कॅन झाला तर पीळ कळत नाही आणि सगळं पुन्हा करावं लागतं. साधारण प्रौढांत तो १० ते १५ अंश असतो, या दोषात बऱ्याचदा ३०च्या पुढे जातो.

पायातला फरक उभं राहून, आखूड पायाखाली ठोकळे ठेवत मोजावा. अनेक वर्षं लंगडल्याने कंबर वाकलेली असते, त्यामुळे एक्स-रेतला फरक आणि रुग्णाला जाणवणारा फरक वेगळे निघतात. कणा आता सरळ होत नसेल, तर कागदावर समान केलेला पाय चालताना लांब वाटतो.

डॉक्टर ‘क्रो’ श्रेणी, म्हणजे खुबा किती निखळला आहे याची १ ते ४ पायरी, सांगतील. १ म्हणजे मांडीच्या हाडाचा गोळा थोडा सरकलेला, ४ म्हणजे पूर्ण वर निसटलेला. १ आणि २ मध्ये बहुतेकदा नेहमीचे सांधे चालतात. खरी अडचण ३ आणि ४ मध्ये.

कप: हिशेब मिलिमीटरचा

कप शक्यतो मूळ वाटीच्या जागी बसवावा. तिथे हाड लहान असतं, म्हणून कपही लहान, ४० ते ४६ मि.मी.चा लागतो. आता हे गणित पाहा. ४४चा कप आणि २८चा कृत्रिम गोळा घेतला, तर दोन्हींमध्ये प्रत्येक बाजूला ८ मि.मी. उरतात. त्यातले ३-४ मि.मी. धातूच्या कवचाचे, म्हणजे प्लॅस्टिकच्या लायनरला (कपाच्या आतल्या अस्तराला) जेमतेम ४-५ मि.मी. गोळा २२चा घेतला तर प्लॅस्टिक ३ मि.मी.ने जाड होतं, पण लहान गोळा लवकर निसटतो. ‘मोठा गोळा चांगला’ हे ऐकीव सूत्र इथे चालत नाही. लायनर सर्वांत पातळ भागात किती मि.मी. आहे, हे सर्जनना विचाराच.

कपाचा सुमारे ७० टक्के भाग स्वतःच्या हाडाने झाकला जायला हवा. कमी पडत असेल तर कप थोडा आत घेतात, किंवा रुग्णाच्याच कापलेल्या गोळ्याचं हाड स्क्रूने बसवून छत करतात. कप थोडा वर बसवणं काही वेळा चालतं, पण वर आणि बाहेर दोन्ही सरकवलेला कप टाळावा. त्यामुळे सांध्यावरचा भार वाढतो आणि कप ढिला होतो.

स्टेम: पीळ कुठे सोडवायचा

स्टेम म्हणजे मांडीच्या हाडाच्या पोकळीत बसणारा दांडा. नेहमीचा चपटा, निमुळता स्टेम हाडाच्या पिळाप्रमाणेच बसतो. पीळ ४५ अंश असेल तर गोळाही तितकाच पुढे वळतो, आणि पाय बाहेर फिरवला की पुढून निसटण्याची भीती राहते. म्हणून पीळ जास्त असेल तिथे दोन पर्याय पाहावेत. पहिला वॅग्नर कोनसारखा, बारीक कंगोरे असलेला शंकूच्या आकाराचा स्टेम. तो गोल असल्याने हव्या त्या दिशेला फिरवून बसवता येतो, मात्र एक साइज लहान पडला तर खाली खचतो. दुसरा एस-रॉमसारखा मॉड्युलर, म्हणजे सुटे भाग जोडून होणारा: बाही हाडात घट्ट बसते आणि स्टेम तिच्यात स्वतंत्र फिरतो. सुटी मान जोडण्याचा प्रकार मात्र वेगळा. जोडावर गंज चढल्याच्या कारणाने स्ट्रायकर कंपनीचं रिजुव्हेनेट हे सुट्या मानेचं मॉडेल २०१२ मध्ये परत घेतलं गेलं.

लांबी आणि नस

श्रेणी ४ मध्ये गोळा मूळ जागी आणला की पाय एकदम लांबतो आणि सायटिक नस ताणली जाते. एका वेळी ४ सें.मी.पेक्षा जास्त लांबवणं धोक्याचं मानतात, आणि त्याहून कमीत नस दुखावणार नाही अशी हमीही नसते. नस दुखावली तर पाऊल वर उचलता येत नाही. म्हणून मांडीच्या हाडाचा तुकडा काढून ते आखूड करतात. तिथे कापलेली टोकं एकमेकांवर फिरू नयेत यासाठी खालपर्यंत पकड घेणारा लांब, कंगोरेदार स्टेम लागतो. हाड जुळेपर्यंत काही आठवडे पूर्ण वजन टाकता येत नाही, याची घरी आधीच तयारी ठेवा.

घासणारे पृष्ठभाग

हे रुग्ण बहुधा तरुण असतात, म्हणून सिरॅमिकचा गोळा आणि क्रॉसलिंक्ड पॉलिथिलीनचा (कमी झिजणाऱ्या प्लॅस्टिकचा) लायनर ही जोडी आम्हाला सर्वांत भरवशाची वाटते. धातूवर धातू नको. लहान मापांत त्यांची झीज जास्त होते. डीप्यू कंपनीचा असाच धातूवर धातूचा सांधा, एएसआर, २०१० मध्ये परत मागवला गेला. पूर्वी लहानपणी शस्त्रक्रिया झाली असेल तर जुन्या प्लेटा-स्क्रूंची माहिती द्या आणि संसर्ग नाही ना, हे ईएसआर, सीआरपी या रक्ततपासण्या करून पाहून घ्या.

ऑपरेशननंतर प्रत्येक भागाचं स्टिकर, म्हणजे नाव, माप आणि लॉट क्रमांक, फाइलमध्ये चिकटवून घ्या आणि फोनमध्ये फोटो ठेवा. पुढे लायनर बदलायची वेळ आली, तर त्याच कवचात बसणारा लायनर याच माहितीवरून मागवावा लागतो.