जर्मनीत पोस्टडॉक शोधताना आधी पाहा, पगार कोण देणार

जर्मनीतल्या विद्यापीठांत पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरची संशोधनाची जागा, मिळायचे दोन रस्ते आहेत. प्राध्यापकाकडे प्रकल्पाचा मंजूर निधी असतो आणि तो जागा भरतो, किंवा तुम्ही स्वतः फेलोशिप घेऊन जाता. पहिल्यात जाहिरातीला उत्तर द्यायचे, दुसऱ्यात स्वतःची कल्पना मांडायची. दोन्हींची सरमिसळ केलेल्या ईमेलला सहसा उत्तर येत नाही.

जाहिराती युराक्सेस या युरोपातल्या संशोधन-नोकऱ्यांच्या संकेतस्थळावर आणि विद्यापीठांच्या संकेतस्थळांवर मिळतात. वेतनश्रेणी बहुधा टीव्ही-एल ई 13 असते, म्हणजे जर्मन राज्यांच्या वेतनकरारातली तेरावी श्रेणी. शेजारची टक्केवारी जरूर पाहा. 100 टक्के असेल तर पूर्णवेळ, 65 टक्के दिसले तर ती जागा बहुतेक वेळा पीएचडीची असते. जाहिरातीचा संदर्भ क्रमांक ईमेलच्या विषयात लिहा आणि सगळे कागद एकाच पीडीएफमध्ये जोडा.

आता नावाचे. पासपोर्टवर वडिलांचे नाव मधे, शोधनिबंधात नुसती आद्याक्षरे, लग्नानंतर आडनाव बदललेले, अशी तीन रूपे असली की निवड समितीला तुमचे निबंध सापडत नाहीत. ऑर्किड क्रमांक, म्हणजे संशोधकाची ओळख पटवणारा कायमचा क्रमांक, काढा, सगळे निबंध त्याला जोडा आणि सीव्हीत अगदी वर द्या.

फेलोशिपसाठी प्राध्यापकाला लिहिताना दोनशे शब्द पुरेत. 'रिस्पेक्टेड सर' नको, 'डिअर प्रोफेसर' आणि आडनाव. पहिल्या दोन ओळींतच त्यांच्या अलीकडच्या एका निबंधातला नेमका अनुत्तरित राहिलेला प्रश्न आणि त्यासाठी तुम्हाला येणारे तंत्र सांगा. 'तुमच्या कामाने प्रभावित झालो' हे वाक्य कुणालाही पाठवता येते, म्हणून ते निरुपयोगी. कोणत्या फेलोशिपसाठी आणि कधी अर्ज करणार, तेही लिहा.

जर्मनीतल्या हुम्बोल्ट फाउंडेशनच्या फेलोशिपला वर्षभर कधीही अर्ज करता येतो, पण यजमान प्राध्यापकाची लेखी संमती लागते. मारी क्युरी या युरोपीय संघाच्या फेलोशिपची मुदत साधारण सप्टेंबरात संपते, म्हणून यजमानाशी बोलणे मार्च-एप्रिलमध्येच सुरू करा. मुदतीपर्यंत व्हायव्हा, म्हणजे प्रबंधाची तोंडी परीक्षा, झालेला असायला हवा. आपल्याकडे प्रबंध सादर केल्यावर व्हायव्हाला कित्येक महिने लागतात, तो हिशेब आधीच धरा.

अर्ज अडकू शकतो तो मारी क्युरीच्या वास्तव्याच्या अटीत. मुदतीआधीच्या 36 महिन्यांत यजमान देशात 12 महिन्यांपेक्षा जास्त राहिलेले चालत नाही. समजा, पुण्याहून कुणी गेल्या वर्षी मार्चमध्ये नोकरीसाठी म्युनिकला गेले आणि तिथेच राहिले. यंदाच्या सप्टेंबरात त्यांना जर्मनीतल्या यजमानासोबत मारी क्युरीचा अर्ज करता येणार नाही, ऑस्ट्रिया किंवा नेदरलँड्समध्ये मात्र येईल. अटी बदलू शकतात, त्यामुळे त्या वर्षीची अर्जदार-पुस्तिका वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

नोकरी मिळाली की करारावर सही करण्याआधी एक काम उरते. ई 13 मध्ये अनुभवानुसार पगाराचे टप्पे असतात आणि तुमचा टप्पा रुजू होतानाच ठरतो. आधीच्या कामाची तारखांसह, कामाचे स्वरूप लिहिलेली प्रमाणपत्रे मनुष्यबळ विभागाला तेव्हाच द्या. नंतर टप्पा बदलून घेणे फार कठीण जाते.